बडतर्फीचं पत्र हातात पडलं की पहिले तीस दिवस

खासगी शाळेतल्या शिक्षकाला, कारकुनाला किंवा शिपायाला नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं की घरात पहिली चर्चा होते ती आरोपांची. हे खोटं आहे, ते वाढवून लिहिलंय, तक्रार करणारा मुळात अध्यक्षांच्याच मर्जीतला. सगळं खरं असेलही. पण न्यायाधिकरणात पहिला प्रश्न वेगळाच असतो: पत्र कोणत्या तारखेला मिळालं आणि तुम्ही इथे कोणत्या तारखेला आलात? या दोन तारखांमध्ये तीस दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं असेल तर तुमची बाजू कितीही खरी असो, आधी उशिराचा हिशेब द्यावा लागतो.

शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या बऱ्याच घरांत मुलगा किंवा सून शिक्षकी पेशात आहे. कुणी तालुक्यातल्याच हायस्कूलमध्ये, कुणी आसनगावहून लोकल पकडून कल्याणला आणि पुढे भिवंडीच्या उर्दू शाळेत. घराचं कर्ज, धाकट्याची फी, वालिदांचं औषधपाणी त्या एका पगारावर चालतं. म्हणून हा कायदा एकदा शांतपणे समजून घ्यायला हवा, आणि तोही पत्र यायच्या आधी.

कायद्याचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. त्याखालची नियमावली १९८१ ची. शिक्षक मंडळी याला नुसतं 'एमईपीएस' म्हणतात. शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, सरकारमान्य असेल तर तिथले कर्मचारी या कायद्यात येतात. मान्यताच नसलेल्या बालवाडीत किंवा क्लासमध्ये शिकवणाऱ्याला मात्र हा रस्ता नाही. त्याला दिवाणी कोर्टाचाच विचार करावा लागतो.

या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अपील शाळा न्यायाधिकरणाकडे करायचं असतं. ठाणे जिल्ह्यातल्या लोकांना त्यासाठी नवी मुंबई गाठावी लागते. म्हणजे मुरबाडकराला एसटीनं कल्याण, तिथून लोकलनं ठाणे आणि मग ट्रान्सहार्बर. एक दिवस त्यातच जातो. शिवाय वकील शोधणं, कागद गोळा करणं, फी भरणं आहेच. तीस दिवस ऐकायला भरपूर वाटतात. मे महिन्याच्या सुट्टीत पत्र आलं आणि घरचे लग्नसराईत असले तर ते कसे संपतात ते कळतही नाही. समजा, पत्र २ मे रोजी मिळालं, तर तिसावा दिवस १ जूनला येतो. शाळा तेव्हा उघडलेलीही नसते.

पाकीट नाकारू नका

आपल्याकडे एक समज खोलवर बसला आहे की टपाल घेतलंच नाही तर आदेश 'लागू' होत नाही. पोस्टमन आला की आतून सांगायचं, घरात कुणी नाही. याचा काडीचा उपयोग होत नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टर टपाल गेलं आणि ते 'नाकारलं' असा शेरा मारून परत आलं, तर कायदा साधारणपणे ते मिळालंच असं धरतो. तोटा तुमचाच. आदेशात काय लिहिलंय ते कळत नाही आणि दिवस मात्र मोजले जातात. पाकीट घ्या, पाकिटासकट जपून ठेवा, कारण त्यावरचा टपालाचा शिक्का हा तुमचा तारखेचा पुरावा आहे. आदेश आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि टपालानं नंतर, तर वाद घालत बसण्यापेक्षा आधीची तारीख धरून चाला.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण बोलायला हवी. संस्था बहुतेक वेळा आपल्याच लोकांची असते. अंजुमन, ट्रस्ट, जमातीच्या मंडळींनी उभी केलेली शाळा. त्यामुळे काढून टाकलेला माणूस आधी बुजुर्गांकडे जातो. ते म्हणतात, कोर्टात जाऊ नकोस, आपण बसून मिटवू. बैठक ठरते, एक सदस्य गावाला गेलेला असतो, मग रमजान येतो, मग ईदनंतर पाहू. सुलह होत असेल तर चांगलंच, कुणाला कोर्टाची हौस नसते. पण बैठकींमुळे कलम ९ ची मुदत थांबत नाही. अपील दाखल करून ठेवावं आणि बोलणी चालू ठेवावीत. तडजोड झाली तर अपील मागे घेता येतं. मुदत गेली तर बैठकीतला एकही माणूस ती परत आणून देऊ शकत नाही. आणि समोरची बाजू 'थोडं थांबा' म्हणते तेव्हा ती खरोखर मिटवायला बसली आहे की दिवस काढते आहे, हे ओळखायला तरी अपील दाखल असलेलं बरं.

अशा बैठकीत एक कागद हमखास पुढे येतो, राजीनाम्याचा. 'बडतर्फीचा डाग नको, राजीनामा दे, अनुभवाचा दाखला देतो.' सही करायच्या आधी कलम ७ लक्षात घ्या. राजीनाम्याच्या दोन प्रती तयार करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर टपालानं व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची, अशी पद्धत कायद्यानं घालून दिली आहे. दबावाखाली घेतलेले राजीनामे ओळखता यावेत म्हणूनच हा खटाटोप आहे. कोऱ्या कागदावरची सही किंवा ऑफिसात बसवून लिहून घेतलेली चिठ्ठी या पद्धतीत बसत नाही. असं झालं असेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार पाठवा. सहा महिन्यांनी सांगितलेल्या दबावावर विश्वास बसवणं अवघड जातं.

चौकशी कशी व्हायला हवी

अपिलात जिंकण्या-हरण्याचं बरंचसं चौकशीच्या वेळीच ठरतं. कायम कर्मचाऱ्याला काढायचं तर नियम ३६ आणि ३७ प्रमाणे चौकशी व्हावीच लागते. आधी आरोपांचं निवेदन द्यायचं, खुलाशासाठी सात दिवस द्यायचे. खुलासा पटला नाही तर तीन जणांची चौकशी समिती. एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला, आणि एक, नीट ऐका, तुमचा. कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी तुम्ही नेमू शकता. त्यासाठी पंधरा दिवस मिळतात. त्यात नाव कळवलं नाही तर समिती दोघांचीच बसते आणि त्यात तुमचं माणूस नसतं. 'मी या चौकशीला मानतच नाही' म्हणून रागानं नाव न देणारे बरेच असतात. मानू नका, पण नाव द्या. सदस्याची लेखी संमती जोडा आणि हरकत असेल ती वेगळ्या पत्रात नोंदवा.

पुढे दोषारोपपत्र, साक्षीदार, उलटतपासणी, तुमचे साक्षीदार. सगळं झाल्यावर समितीच्या निमंत्रकानं कामकाजाचा सारांश आणि साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती टपालानं पाठवायच्या आणि आणखी सात दिवस खुलाशासाठी द्यायच्या असतात. ही शेवटची पायरी संस्था अनेकदा गाळतात, कारण त्यांच्या लेखी निर्णय तोवर झालेला असतो. अपील लिहिताना वकिलाला हे आवर्जून विचारा की सारांश आला होता का. यानंतर समिती आपला निष्कर्ष आणि निर्णय व्यवस्थापनाला कळवते आणि व्यवस्थापन आदेश काढतं.

पायरी चुकली म्हणजे आपण आपोआप जिंकलो, असं मात्र नाही. सरकारी नोकराला चौकशी अहवालाची प्रत मिळालीच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये मोहम्मद रमजान खान यांच्या खटल्यात सांगितलं. तीन वर्षांनी, १९९३ मध्ये, करुणाकर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तेच तत्त्व खासगी आस्थापनांनाही लावलं. पण सोबत एक अट आली: प्रत न मिळाल्यामुळे तुमचं नेमकं काय नुकसान झालं ते दाखवा. म्हणून 'मला अमुक कागद दिला नाही' एवढं लिहून थांबू नका. तो मिळाला असता तर मी अमुक साक्षीदाराला हे विचारलं असतं, हजेरीपटाचं ते पान दाखवलं असतं, असं लिहा.

औरंगाबादची शिक्षिका

या सगळ्याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका खटला म्हणजे दीपाली गुंडू सुर्वसे विरुद्ध क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातली, ही प्राथमिक शिक्षिका. निकालपत्रात नोंदलेली हकीकत अशी: तिच्याकडे आणि तिच्या सहकारी शिक्षिकेकडे पगारातून दरमहा १५०० रुपयांची मागणी झाली. त्यांनी नकार दिला. त्यानंतर तिला तब्बल २५ मेमो आले. तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं. १४ नोव्हेंबर २००६ रोजी निलंबन झालं. शिक्षणाधिकाऱ्यांनी २० मार्च २००७ रोजी त्या निलंबनाला मान्यता द्यायला नकार दिला. तरीही चौकशी पुढे रेटली गेली, तीही एकतर्फी, आणि १५ जून २००७ रोजी तिला काढण्यात आलं.

ती कलम ९ खाली न्यायाधिकरणात गेली. २००९ मध्ये न्यायाधिकरणानं बडतर्फी रद्द केली आणि पूर्ण मागचा पगार द्यायला सांगितलं. संस्था उच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं बडतर्फी बेकायदाच ठरवली, पण मागचा पगार काढून घेतला. कारण काय, तर मधल्या काळात आपण कुठे कमावत नव्हतो हे तिनं सिद्ध केलं नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १२ ऑगस्ट २०१३ रोजी तिथे पूर्ण पगार परत मिळाला. न्यायालयानं सांगितलं की बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्यानं आपण बेरोजगार आहोत असं सांगितलं की पुरे. तो कुठे कमावत होता असं मालकाचं म्हणणं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. २५ मेमोंना २५ उत्तरं दिल्यामुळे तिच्या बाजूनं कागद उभा राहिला. आपल्याकडे मेमो फाडून टाकतात किंवा तोंडी 'सॉरी सर' म्हणून विषय संपवतात. पुढे तेच मेमो 'वारंवार समज देऊनही' या शब्दांत दोषारोपपत्रात येतात. दुसरी गोष्ट, आपण सध्या कुठेही नोकरीला नाही हे वाक्य अपिलातच, शपथेवर यायला हवं. घरी दोन पोरांच्या ट्यूशन घेत असाल तर तेही खरं सांगा. लपवलेलं बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

निलंबनाबद्दल थोडं. निलंबन म्हणजे नोकरी गेली असं नाही, आणि त्यावर कलम ९ चं अपीलही नाही. अपील आहे ते बडतर्फी, कोणत्याही नावानं केलेली सेवासमाप्ती, पदावनती आणि बढतीत डावललं जाण्यावर. निलंबन शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय चार महिन्यांपलीकडे लांबवता येत नाही, आणि त्या काळात निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. हा भत्ता म्हणजे मेहरबानी नव्हे. भत्ता न देता चौकशीला बोलावणं म्हणजे माणसाच्या हातून बचावाचं साधनच काढून घेणं, हे सर्वोच्च न्यायालयानं वेगवेगळ्या खटल्यांत सांगितलं आहे. आपल्याच राज्यात एके काळी असा नियम होता की सरकारी नोकराला फौजदारी खटल्यात शिक्षा झाली तर अपील चालू असतानाही त्याचा भत्ता महिन्याला एक रुपया करायचा. एक रुपया! चंद्रभान ताले खटल्यात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. भत्ता मिळत नसेल तर दर महिन्याला लेखी मागणी करा आणि तिची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

उशीर झालाच असेल तर

तीस दिवसांनंतरचं अपील न्यायाधिकरण घेऊ शकतं, पण 'पुरेसं कारण' दाखवावं लागतं. त्यासाठी अपिलासोबत उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज द्या. त्यात दिवसांचा हिशेब हवा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रुग्णालयात, हे डिस्चार्ज कार्ड, त्यानंतर हे. नुसतं 'तब्येत ठीक नव्हती' पुरत नाही. उशिराकडे उदारपणे पाहावं असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ च्या काश्मीरमधल्या कातिजी खटल्यात सांगितलं, आणि वकील मंडळी ते नेहमी दाखवतात. पण त्या खटल्यात उशीर चार दिवसांचा होता, हेही लक्षात ठेवा.

माहिती अधिकारात कागद मागवून मग अपील करू, असाही विचार होतो. हिशेब करा. माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवस आणि अपिलालाही तीसच. अर्ज जरूर करा, पण उत्तराची वाट पाहू नका. कागद नंतर दाखल करण्याची परवानगी मागता येते.

काही जण विचारतात, थेट मुंबई उच्च न्यायालयातच रिट का करू नये? कारण तिथे पहिला प्रश्न येतो, कायद्यानं दिलेला रस्ता सोडून इथे कसे आलात? अपवाद आहेत. अधिकारच नसलेल्या माणसानं आदेश काढला असेल, बाजू मांडायची संधीच दिली नसेल, मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, तर न्यायालय ऐकू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात हे अपवाद मांडले. पण अपवादावर भिस्त ठेवून मुदत घालवू नये. शिवाय न्यायाधिकरणाला अपिलीय कोर्टाचे अधिकार असल्यानं ते पुरावाही तपासू शकतं. उच्च न्यायालय मुख्यतः निर्णय कसा घेतला गेला ते पाहतं, साक्षीपुरावा नव्यानं तोलत बसत नाही. मोठं दार मागाहून उघडं असतंच. ठाणे जिल्ह्याची प्रकरणं मुंबईतच चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेलं कोल्हापूरचं खंडपीठ दक्षिणेकडच्या सहा जिल्ह्यांसाठी आहे.

शिक्षकांशिवाय इतरांसाठी थोडक्यात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यानं आधी खात्यात ४५ दिवसांच्या आत अपील करायचं. अंतिम निर्णयानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट', तिथे एका वर्षाच्या आत. खात्यानं सहा महिने अपिलावर काहीच केलं नाही तरी मॅटचं दार उघडतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक मात्र मॅटमध्ये जात नाहीत. त्यांची शिस्त आणि अपिलाची नियमावली १९६४ ची, वेगळी आहे. वकिलावर बार कौन्सिलनं कारवाई केली तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडिया, त्यानंतर पुन्हा ६० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालय. डॉक्टरांनाही राज्य वैद्यक परिषदेच्या निर्णयाविरुद्ध दिल्लीला राष्ट्रीय पातळीवर अपील करावं लागतं. दार प्रत्येकाचं वेगळं आहे. चुकीच्या दारात उभं राहून गेलेले दिवस सहजासहजी माफ होतात असं समजू नका.

संस्था चालवणाऱ्यांसाठी

'आम्ही अल्पसंख्याक संस्था, आम्हाला हा कायदा लागू नाही' असं आपल्या बैठकींत ठामपणे सांगितलं जातं. हे चूक आहे. कलम ३ मध्ये अल्पसंख्याक शाळांना सूट आहे ती मुख्याध्यापकाच्या आणि संचालकांना नावं कळवलेल्या जास्तीत जास्त तीन जणांच्या भरतीपुरती. बाकी कर्मचाऱ्यांना काढताना नियम तेच. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींनी संस्थांना कर्मचाऱ्यांवर शिस्तीचा अधिकार असल्याचं मान्य केलं, पण दाद मागायला न्यायाधिकरण हवं हेही सांगितलं. एखादा शिक्षक खरोखरच नालायक असू शकतो, आणि त्याला काढणं मुलांच्या भल्याचं असू शकतं. पण घाईत, दोन सदस्यांच्या सह्यांनी, भत्ता अडवून काढला तर तोच शिक्षक पाच-सात वर्षांनी मागच्या पगारासकट परत येतो, आणि तो पैसा शाळेसाठी जमवलेल्या वर्गणीतून जातो.

न्यायाधिकरण प्रत्येक वेळी नोकरीच परत देतं असंही नाही. परत घेणं योग्य वाटलं नाही तर दहा वर्षं किंवा जास्त नोकरी झालेल्याला बारा महिन्यांचा आणि त्याहून कमी झालेल्याला सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देता येतो.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर शहापूर आणि मुरबाडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे अर्ज करता येतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना नेमणुकीचं पत्र, मान्यतेचं पत्र, सगळे मेमो आणि त्यांची उत्तरं, पगाराच्या पावत्या, आणि ते पाकीट सोबत घ्या.